मदत हवी आहे: कॉलेजसाठी डिजिटल मिक्सर कोणता घ्यावा? (तातडीचे)

मांजराकाठ (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार. आमच्या कॉलेजला कार्यक्रमांच्या साउंडसाठी डिजिटल मिक्सर घ्यायचा आहे. तीन कोटेशनं आली आहेत. एकाने बेरिंजर एक्स ३२ दिलाय, दुसऱ्याने साउंडक्राफ्ट यूआय २४ आर, तिसऱ्याने यामाहा टीएफ. तिघेही आपलंच खरं म्हणतात. सोमवारी अकराला खरेदी समितीची बैठक आहे आणि प्राचार्यांना माझ्याकडून एक नाव हवंय.

कोणता घेऊ? ‘वापरावर अवलंबून आहे’ असं कृपया कोणी लिहू नका. ते तिन्ही दुकानदारांनी सांगून झालंय.

दिमडी (रात्री ९:५२)

वापरावर अवलंबून आहे, सर.

चिडू नका. किती चॅनेल, म्हणजे किती माईक-वाद्यं, लागतात? हॉल की मैदान? स्पीकर कोणते? बजेट किती? यातलं एकही लिहिलेलं नाही.

टॅबवाला (रात्री १०:०५)

यूआय २४ आर डोळे झाकून घ्या. वीस माईक इनपुट, आठ ऑक्स (स्टेजवरच्या स्पीकरना वेगळा आवाज पाठवायच्या वाटा), ब्राउझरवर चालतो, वेगळं ॲप नको. मोबाईल, लॅपटॉप, काहीही चालतं. पेनड्राइव्हवर मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक माईकचं वेगळं, रेकॉर्डिंग थेट होतं. मी तीन वर्षं वापरतोय, मिक्सरजवळ बसतच नाही. हॉलभर हिंडत मिक्स करतो. फेडर-बिडरचा, आवाज वर-खाली करायच्या त्या सरकपट्ट्यांचा, जमाना गेला.

एकटाळी (रात्री १०:११)

फेडरचा जमाना गेला म्हणणाऱ्याने एकदा युवक महोत्सवाला साउंड करून दाखवावा. भारूडातली बाई अचानक माईक सोडून प्रेक्षकांत उतरते, त्याच वेळी टाळ वाढतात आणि मागून कोणीतरी ‘ऐकू येत नाही’ ओरडतं. तेव्हा दोन्ही हात फेडरवर लागतात. काचेवर बोट घसरवत कुठला आवाज कुठं गेला हे शोधणार का?

एक्स ३२ घ्या. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली, कुठल्याही साउंडवाल्याला रात्री फोन करा, त्याला तो चालवता येतो.

टॅबवाला (रात्री १०:१५)

एक्स ३२ हे २०१२ चं मॉडेल आहे. त्याच कंपनीचा विंग २०१९ मध्ये आला. आज पैसे घालून दशकाहून जुनं डिझाइन कशाला?

एकटाळी (रात्री १०:२०)

आमची एसटी त्याहून जुनी आहे, रोज जाते. चाळीस चॅनेल, सोळा मिक्स बस (वेगवेगळी मिक्स पाठवायच्या वाटा), तीन पिनचे सोळा एक्सएलआर आउट, आपोआप सरकणारे मोटरचे फेडर. जुना आहे म्हणून नेमकं काय कमी पडतं ते सांगा.

अन्नपूर्णा_बीड (रात्री १०:२८)

शीर्षक वाचून आले होते, कॉलेजच्या मेससाठी असेल असं वाटलं. आमच्या मिक्सरचं मोठं भांडं बसवलं की खालून नुसती घरघर येते, पातं फिरत नाही. असो, चालू द्या.

ओहम (रात्री १०:३४)

ताई, भांड्याखालचं रबराचं कपलर झिजलंय. मोटर फिरते, भांडं फिरत नाही, म्हणजे तेच. भांडं घेऊन दुकानात जा, मापाचं मिळतं. मोटरवरच्या कपलरला बहुधा उलटे आटे असतात, सोडवताना जोर लावण्याआधी बघून घ्या.

मांजराकाठ सर, तुम्हाला एकच प्रश्न: सध्या हमिंग आहे का?

मांजराकाठ (रात्री १०:५०)

हमिंग आहेच, म्हणून तर नवीन मिक्सर घेतोय. जुना सोळा चॅनेलचा ॲनालॉग आहे, चार चॅनेल बंद, दोन फेडर खरखरतात. जनरेटर सुरू झाला की घुंऽऽ असा आवाज सुरू होतो तो कार्यक्रम संपेपर्यंत. मागच्या गॅदरिंगला पाहुणे बोलायला उभे राहिले आणि अशी शिट्टी वाजली की पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी मराठीचा माणूस, सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडलेला. त्यात नॅकचं, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेचं, मूल्यांकन व्हायचंय.

बाकी माहिती: हॉल सहाशे खुर्च्यांचा, शिवाय मैदानावर मुक्त रंगमंच. बजेट जीएसटी धरून साडेतीन लाख.

दिमडी (रात्री ११:०४)

हे आधी लिहायला काय झालं होतं! आता चॅनेल मोजू. गॅदरिंगच्या रात्री सर्वांत जास्त माईक लागतात का? त्या रात्री कोण कोण असतं?

मांजराकाठ (रात्री ११:३१)

मुलांचा बँड असतो: ड्रम, बेस, दोन गिटार, कीबोर्ड, चार गाणारे. त्याच संध्याकाळी जलसा किंवा गोंधळ: ढोलकी, संबळ, तुणतुणं, पेटी, टाळ, पाच जण गाणारे. निवेदकांचे दोन कॉर्डलेस, पोडियमवर एक. नाचाच्या गाण्यांसाठी लॅपटॉप.

दिमडी (रात्री ११:४६)

बँडच्या ड्रमला पाच धरा, बेस-गिटार तीन, कीबोर्ड दोन, गाणारे चार: चौदा. लोककलेच्या बाजूला ढोलकीला दोन (धुमकडे एक, शाईकडे एक), संबळाला दोन, तुणतुणं, पेटी, टाळ तीन, गाणारे पाच. बारा. वर कॉर्डलेस दोन, पोडियम एक, लॅपटॉप स्टीरिओ दोन. एकतीस झाले. गाणाऱ्यांचे माईक दोन्ही गटांना तेच वापरले तरी सत्तावीस. म्हणजे नुसता वीस इनपुटचा यूआय घेतला तर बँड उतरल्यावर केबली उपसून गोंधळाच्या लावायच्या, आणि तोवर निवेदकाने विनोद सांगत बसायचं. ते विनोद मी ऐकले आहेत.

एक्स ३२ पूर्ण घेतला तर बत्तीस माईक इनपुट मिक्सरच्या पाठीवर. कॉम्पॅक्ट घेतला तर सोळा, पण सोबत सोळाचा स्टेजबॉक्स (स्टेजवर ठेवून माईक जोडायचा डबा) जोडला की बत्तीस होतात, आणि स्टेजपासून मिक्सरपर्यंत सगळ्या माईकच्या तारा एकत्र बांधलेल्या जाडजूड मल्टिकोरऐवजी एकच शील्डेड कॅट-५ केबल येते. तुमची मल्टिकोर कशी आहे?

मांजराकाठ (रात्री ११:५२)

उंदरांनी खाल्ली आहे.

मंडप_साउंड_परभणी (शनिवार, सकाळी ६:५८)

राम राम सर. आमचा मंडप अन् साउंडचा धंदा, वीस वर्षं झाले. इथं सगळे मॉडेलवर भांडायलेत, पण एक कोणी विचारना, की मिक्सरवर उभं कोण ऱ्हाणार? तुमी का मराठीचे सर?

दुसरं. लाईट झपकन गेली अन् आली, तर ॲनालॉग मिक्सर तसाच चालू होतो. डिजिटल पुन्हा बूट होतो. तेवढ्या वेळात पाहुणे माईकवर टकटक करत ‘हॅलो, हॅलो’ म्हणत ऱ्हातेत अन् सगळे मागं वळून साउंडवाल्याकडं बघतेत. आमच्याकडं लगीनसराईत हे रोजचं. यूपीएस नसल तर डिजिटल घिऊच नका, खरं सांगायलो.

ओहम (सकाळी ७:२०)

मंडपवाले दादा लाखातलं बोलले. त्यात थोडी भर घालतो. यूपीएस ‘ऑनलाइन’ प्रकारचा, म्हणजे लाईट गेली तरी क्षणभरही वीज न तोडणारा, घ्या. साधा यूपीएस जनरेटरची वीज पुष्कळदा नाकारतो, फ्रिक्वेन्सी हलली की बॅटरीवर जातो आणि अर्ध्या तासात बॅटरी संपते. मिक्सर, स्टेजबॉक्स, वायफाय राउटर एवढंच त्यावर, एक केव्हीए भरपूर होतो. ॲम्प्लिफायर आणि पॉवर्ड स्पीकर त्यावर लावायचे नाहीत.

आता हमिंग. नवीन मिक्सरने ती जाणार नाही. मल्टिमीटर घ्या, स्टेजवरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज मोजा. एकदा मेनवर, एकदा जनरेटरवर. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. पाच-सातच्या वर असेल तर मिक्सरचे साडेतीन लाख बाजूला ठेवा आणि आधी अर्थिंगचा खड्डा बघा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, अर्थिंग फक्त कागदावर उरतं. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर त्यात शेवटचं पाणी कोणी आणि कधी ओतलं ते विचारा.

आणि लाईटचे डिमर एका फेजवर, साउंडचं सगळं सामान वेगळ्या पण एकाच फेजवर. रीडिंग इथं टाका.

विसावा (सकाळी ८:०५)

हमिंगवर सोपा उपाय आहे. ॲम्प्लिफायरच्या थ्री-पिनमधली अर्थची पिन काढून टाकायची. आम्ही गणपतीत तेच करतो. घुंऽऽ बंद.

ओहम (सकाळी ८:०९)

असलं कृपा करून कोणाला सांगू नका. स्टेजवर हातात माईक धरलेला पोरगा असतो, दुसऱ्या हातात गिटार, खाली ओला गालिचा. अर्थ काढलात तर ॲम्पच्या बॉडीवर आलेला करंट जाणार कुठून? त्याच्या अंगातून. लॅपटॉपमुळे हमिंग येत असेल तर डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधे लावायचा छोटा डबा) घ्या आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलीचं ग्राउंड तोडतं, मेनचं अर्थिंग तसंच राहतं.

विसावा (सकाळी ८:३०)

पंधरा वर्षांत काही झालं नाही.

ओहम (सकाळी ८:३२)

होतं तेव्हा एकदाच होतं.

टॅबवाला (सकाळी ९:१५)

पुन्हा मूळ मुद्द्यावर. वीस इनपुट कमी पडतात हे मान्य. पण बँड आणि गोंधळ यांचे सीन सेव्ह करून ठेवले की केबली बदलल्यावर एका टचमध्ये सगळं सेटिंग येतं.

एकटाळी (सकाळी ९:२१)

सीन बदलतो, केबल कोण बदलणार? आणि राहिला टॅबलेट. मुक्त रंगमंचावर एप्रिलमध्ये सायंकाळी पाचला साउंडचेक करून बघा. माझ्यासमोर एकाचा टॅबलेट ‘तापमान जास्त’ असं दाखवून काळा झाला, आणि दीड तास सगळं मिक्स जिथं होतं तिथं अडकलं. आयपॅडबद्दल तर कंपनीच लिहिते, शून्य ते पस्तीस अंशांत वापरा. आपल्याकडं पस्तीस म्हणजे थंडी.

टॅबवाला (सकाळी ९:२६)

सावलीत ठेवायचा, बेसिक आहे. आणि राउटर स्वतंत्र घ्यायचा, ५ गीगाहर्ट्झवर. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे तीनच चॅनेल असतात, समोर दोन हजार पोरांचे फोन असले की मिक्सर सापडणारच नाही. राउटर डोक्यांच्या वर बांधायचा, माणसांच्या शरीरात सिग्नल बराच अडतो. एवढं पाळलं तर टॅबलेट उत्तम.

दिमडी (सकाळी ९:४०)

हे मात्र बरोबर. पण मिक्सरवर फेडर असले आणि टॅबलेट जोडीला असला तर दोन्ही भांडणं मिटतात. साउंडचेकला टॅबलेट घेऊन स्टेजवर जायचं, गायकाच्या शेजारी उभं राहून मॉनिटर, म्हणजे त्याला ऐकायचा स्पीकर, लावायचा. कार्यक्रमाला फेडर.

सर, शिट्टीचंही मिक्सरशी फार देणंघेणं नाही. पाहुण्यांच्या टेबलावर किती माईक उघडे होते?

मांजराकाठ (सकाळी १०:१०)

टेबलावर सात, पोडियमवर एक. सगळे चालूच असतात. कोण कधी बोलेल सांगता येत नाही.

दिमडी (सकाळी १०:२४)

आठ उघडे. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येईपर्यंतची सवलत तीन डेसिबलने घटते. एकाचे आठ म्हणजे नऊ डेसिबल गेले. शिट्टी वाजली नसती तरच नवल. डिजिटलमध्ये ऑटोमिक्सर असतो: बोलणाऱ्याचा माईक वर येतो, बाकीचे आपोआप खाली. यामाहा टीएफमध्ये, ऑटोमिक्सर ज्याने काढला त्या डॅन ड्युगनचा आहे, एक्स ३२ मध्येही ऑटोमिक्स आहे. भाषणांसाठी मला हे फीचर बाकी सगळ्या इफेक्टपेक्षा मोलाचं वाटतं. जोडीला प्रत्येक भाषणाच्या चॅनेलवर शंभर हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा घुमणारा आवाज कापणारा) लावा, टेबलावर हात आपटल्याचा धडाम आवाज कमी होतो.

आणि मुक्त रंगमंचावर मागच्या बाजूला जास्तीचे स्पीकर लावत असाल तर मिक्सरच्या आउटपुटला डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, तीस मीटर मागच्या स्पीकरला सुमारे ८७ मिलिसेकंद. नाहीतर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

जागरूक_नागरिक (सकाळी १०:४५)

मिक्सर कोणताही घ्या, रात्री दहाला बंद करा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. आणि शैक्षणिक संस्थेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. म्हणजे तुमचं गॅदरिंग मुळातच बेकायदा.

एकटाळी (सकाळी १०:५२)

अर्धं वाचून येऊ नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलाही भाग आपोआप शांतता क्षेत्र होत नाही. आणि सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देता येते.

जागरूक_नागरिक (सकाळी १०:५८)

सूट सरकारने द्यायची असते, साउंडवाल्याने नाही. आमच्या गल्लीत पंधराचे पन्नास दिवस होतात.

मंडप_साउंड_परभणी (सकाळी ११:३०)

साहेब, आमाला बी झोप लागते. बारा वाजले तरी ‘अजून एक गाणं’ म्हणणारे वायलेच असतेत.

मराठीचे सर, माझ्या सवालाचं काय झालं? मिक्सरवर उभं कोण ऱ्हातं?

मांजराकाठ (दुपारी १:१५)

फिजिक्स लॅबचे मामा. परिचर आहेत. बावीस वर्षं कॉलेजचा साउंड तेच बघतात. मागच्या वर्षी दोन विद्यार्थी मदतीला होते, ते पास होऊन पुण्याला गेले.

मंडप_साउंड_परभणी (दुपारी १:२०)

मामांना इचारलं का?

मांजराकाठ (दुपारी १:४१)

नाही.

दिमडी (दुपारी १:४५)

सर. एक्स ३२ वाला दुकानदार जवळपास असेल तर आज-उद्या डेमो मागवा आणि मामांना उभं करा. तुम्ही बाजूला खुर्ची टाकून बसा, बोलू नका.

लालपेन (दुपारी २:१०)

मी दुसऱ्या एका कॉलेजात लेखा विभागात आहे. अनुदानित असाल तर एक सांगते: मागणीपत्रात मॉडेलचं नाव लिहू नका, ऑडिटला आक्षेप येतो. गरज लिहा. स्टेजबॉक्स धरून किमान बत्तीस माईक इनपुट, किमान सोळा मोटराइज्ड फेडर, दहाच्या वर मॉनिटर आउट, ऑटोमिक्सर, फ्लाइट केस, कव्हर. आणि ‘महाविद्यालयात येऊन दोन दिवस प्रशिक्षण’ ही ओळ नक्की घाला. आमच्याकडे ती राहून गेली. दीड वर्ष मिक्सर खोक्यातच होता आणि कार्यक्रमाला बाहेरचा साउंड भाड्याने येत होता. यूपीएस खर्चाच्या वेगळ्या शीर्षाखाली टाका, नाहीतर साडेतीन लाखांत तो कापला जाईल.

अन्नपूर्णा_बीड (दुपारी ४:३०)

ओहमदादा, कपलरच होतं. धन्यवाद.

मांजराकाठ (रविवार, सायंकाळी ७:०५)

आज डेमो झाला. मॉडेलचं नाव सोमवारपर्यंत लिहीत नाही, लालपेन मॅडमचं ऐकतो. सोळा फेडरांचा, दोन लेयरवाला मिक्सर होता.

मामांनी आल्या आल्या खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, फेडरखाली लावली आणि बॉलपेनने लिहिलं: पोडियम, पाहुणे, निवेदक, पेटी, संबळ. दुकानदाराचा मुलगा म्हणाला, मामा, त्याची गरज नाही, वर छोट्या पडद्यांवर नावं येतात. मामा म्हणाले, इंग्रजीत येतात. खरंच देवनागरी येत नव्हती.

मग मुलाने दुसरा लेयर दाबला. फेडर खटाखट आपोआप हलले. मामांनी हात मागे घेतला. आता ‘पोडियम’ लिहिलेल्या फेडरवर ढोलकी आली होती. मामा बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मला म्हणाले, “सर, मंत्री बोलत असताना मी चुकून ढोलकी वाढवली तर?”

हा प्रश्न तीनपैकी एकाही दुकानदाराच्या कोटेशनात नव्हता.

दिमडी (सायंकाळी ७:२०)

मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी डिजिटलची खरी अडचण पाच मिनिटांत पकडली.

दोन वाटा आहेत. टीएफ ५ ला बत्तीस फेडर आणि वर मास्टर, माईक इनपुटही बत्तीस. एका माईकला एक फेडर, लेयर बदलायची वेळच येत नाही, पट्टी एकदा लावली की कायम. पण तो साडेतीन लाखांत बसेल असं मला वाटत नाही, तुमच्या कोटेशनात कुठला टीएफ आहे ते बघा.

दुसरी वाट: दोन लेयरवाला घ्या आणि भाषणाचे सगळे माईक पहिल्या लेयरवर, वाद्यं दुसऱ्यावर. त्यावर डीसीए ग्रुप करा: एक फेडर सगळ्या ड्रमचा, एक गोंधळाचा, एक गाणाऱ्यांचा. एक्स ३२ ला असे आठ, उजव्या हाताला वेगळ्या फेडरवर. साउंडचेक दुसरा कोणी करेल. कार्यक्रमात मामांनी पहिला लेयर आणि ते आठ एवढंच हलवायचं.

एकटाळी (सायंकाळी ७:३१)

आणि पट्ट्या दोन रंगांच्या. पहिल्या लेयरला पांढरी, दुसऱ्याला पिवळी, वर-खाली. आम्ही तसंच करतो, लाज वाटायचं कारण नाही.

टॅबवाला (सायंकाळी ७:४०)

टॅबलेटवर चॅनेलची नावं देवनागरीत टाकता येतात का ते मी आत्ता बघून सांगतो.

मांजराकाठ (सोमवार, दुपारी ३:५०)

बैठक झाली. दोन लेयरवाला, सोळाच्या स्टेजबॉक्ससह, प्रशिक्षणाची ओळ घालून. टीएफ ५ बजेटात बसला नाही. यूपीएस वेगळ्या शीर्षाखाली मंजूर. समितीतल्या एका सरांनी विचारलं, एवढा महाग घेतलाय तर आता शिट्टी वाजणार नाही ना? मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, पाहुण्यांच्या टेबलावरचे चार माईक मी काढून ठेवतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडपवाले दादा, प्रशिक्षणाच्या दिवशी तुम्ही याल का? चहा-जेवण आमच्याकडे.

मंडप_साउंड_परभणी (दुपारी ४:१०)

येतो की. लगीनतीथ नसल त्या दिवशी ठेवा.

ओहम (दुपारी ४:१५)

अभिनंदन. न्यूट्रल-अर्थचं रीडिंग अजून आलेलं नाही.